कापलेलं गाऱ्हाणं

बाबांना झटका आला तो भातलावणी उरकल्यावर. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि वाचा गेली. अगदीच गेली असं नाही, एक शब्द राहिला. नाय. पाणी हवं का, नाय. भूक लागली का, नाय. आणि ताट पुढे ठेवलं की डाव्या हाताने सगळं जेवणार. महाडच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होतं, कधीकधी एखादाच शब्द जिभेवर राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी सुरुवातीला लावायचे. मग माझं डोकं फिरायचं, अहो हवं की नको ते एकदा धड सांगा, असं त्या अर्ध्या माणसावर खेकसायचे आणि मागीलदारी जाऊन डोळे पुसायचे. हळूहळू त्यांच्या नायकडे घरात कोणी लक्ष देईनासं झालं.

आमची वाडी वरंधच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघाली की पहिली आमच्या अंगणात टेकते. हा आमच्या घराचा मान. पालखी टेकली की ढोल थांबतात आणि घरातला कर्ता पुरुष पुढे होऊन गाऱ्हाणं घालतो. आधी देवांची नावं, ठरलेल्या ओळीने, मग शिवेवरच्या राखणदारांची, मग घरावरची संकटं आणि काळज्या, मग घरातली माणसं एकेक करून देवीच्या ओटीत घालायची. प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे म्हणणार, होय महाराजा. गाऱ्हाणं घालणारा कोणी नसेल तर पालखी त्या अंगणात टेकत नाही, पुढच्या घरी जाते. पुढचं घर चुलतकाकांचं. एकदा पुढे गेलेला मान मागे येत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

माघात चुलतकाका आले. बाबांची विचारपूस केली, चहा घेतला आणि उठताना हळूच म्हणाले की औंदा तुम्ही दगदग करू नका, आमच्याकडून गाऱ्हाणं होऊन जाईल. बाबा खुर्चीत बसूनच म्हणाले, नाय. काका हसले. आई पण कसनुशी हसली. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी कपबशा आपटतच आत नेल्या.

धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला. गाऱ्हाणं आता त्यानेच घालायचं हे उघड होतं आणि त्याला ते येत नव्हतं हेही उघड होतं. फोनवर म्हणून दाखव म्हटलं तर वाघजाई, काळकाय, भैरी इथवर आला आणि अडला. पुढे काय गो ताई, म्हणे. मला काय माहीत! बाबांना आजोबांनी शिकवलं तेही आजोबा अंथरुणाला खिळल्यावर. आधी शिकवायचं नाही, शिकवलं की आपली वेळ जवळ आली असं बाबा धरून चालायचे. भाऊ दर शिमग्याला विचारायचा आणि बाबा म्हणायचे, मी हाय ना अजून. आता ते होते, पण शिकवणार कसे?

तेव्हा मला ते व्हिडिओ आठवले.

भावाला पहिल्यापासून शूटिंगचा नाद. शिमग्याला आला की मोबाईल उंच धरून उभा. पालखी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून उतरताना, अंगणात नाचताना, टेकताना, सगळं घ्यायचा. त्याला ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा गेल्या शिमग्याला जुना त्याने घरी आणून दिला आणि त्या शिमग्यासकट वर्षावर्षाचं सगळं त्यात भरून ठेवलं. बाबांनी एकदा बघितलं. पालखी नाचताना बघून खूश झाले, पण स्वतःचा आवाज सुरू झाला तसे ताडकन उठले. गाऱ्हाणं देवीपुढे घालायचं असतं, ते डब्यात भरून ठेवायचं नसतं, उद्या कोणी जेवताना लावील, कोणी दारू पिताना लावील, काढून टाका म्हणाले. काढायचं काम माझ्यावर आलं, कारण मी महाडला कोर्टाजवळच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात कामाला, कॉम्प्युटरचं म्हणून जे काय असेल ते माझंच. मी एकेका व्हिडिओला बसून पालखी टेकेपर्यंतचं ठेवलं आणि पुढचं कापलं. कापताना आवाज बंद ठेवला. बाबांनी तसं सांगितलं होतं म्हणूनही, आणि मला ऐकायचं नव्हतं म्हणूनही.

हे जरा सांगायला हवं. माझं सासर पोलादपूरच्या पुढे. नवऱ्याचं मुंबईत दुसरं बिऱ्हाड आहे हे कळल्यावर मी निघून आले ती आले. कोणी मारलं नाही, हाकललं नाही, मी स्वतः बॅग भरली. त्यामुळे माझ्याबद्दल हळहळायची सोयही लोकांना राहिली नाही. शिमग्याला सगळी वाडी भरते, मुंबईची माणसं येतात आणि प्रत्येक बाई तोच प्रश्न विचारते, कवा आलीस, कवा जाणार. म्हणून पालखीच्या दिवशी मी चुलीपुढून हलत नसे. पुरणपोळ्यांचा ढीग घालायचा, बाहेर बघायचं नाही. बाबांचा आवाज मुळात खालचा, आणि गाऱ्हाणं ते जवळजवळ पुटपुटत घालायचे. स्वयंपाकघरात मला नुसतं होय महाराजा ऐकू यायचं. कशाला होय, ते कधी ऐकलं नाही.

तर व्हिडिओ. भावाला फोनवर सांगितलं, मूळ सगळं त्या लॅपटॉपात असेल, बघते. त्याच्या मोबाईलमध्ये काही उरलं नव्हतं, त्याने मोबाईलच दोनदा बदललेला. मी माळ्यावरून लॅपटॉप काढला. बॅटरी फुगलेली, वायर लावली तरच चालणार, आणि वाडीत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. सुरू झाला तेव्हा आत फोटोंची ती लायब्ररी. हे सॉफ्टवेअर ज्याने केलं त्याला माझा दंडवत. व्हिडिओ डोळ्यांपुढे दिसतो, पण त्याची फाईल कुठे आहे ते सांगत नाही. सगळं एका गाठोड्यात बांधून ठेवलेलं, आणि गाठोडं उघडू गेलं की भलत्याच नावांचे शेकडो कप्पे. दुकानात मी दिवसभर लोकांच्या फाईली इकडच्या तिकडे करते, पण इथे मी हात टेकले. शेवटी वरच्या यादीत एक्स्पोर्ट सापडलं. सगळे शिमगे निवडले, पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट केले, दुसऱ्या दिवशी दुकानातून भावाला पाठवले.

त्याचा फोन आला. सगळं हाय, पालखी हाय, ढोल हायत, गाऱ्हाणंच नाय, म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे मला, मीच कापलंय ना. खरं तर मला वाटलं होतं की मूळ व्हिडिओ कुठेतरी वेगळा राहिला असेल आणि तो आपोआप येईल. तसं झालं नव्हतं. प्रत्येक वर्षी पालखी टेकायची, बाबा हात जोडून पुढे व्हायचे आणि व्हिडिओ संपायचा. भाऊ म्हणाला की मग देऊ या काकांना, काय बिघडतं. मी फोन ठेवून दिला. त्या क्षणी मला भावाचाही राग आला, सॉफ्टवेअरचाही, आणि असल्या देवाचाही, ज्याला ठरलेल्याच ओळीने नावं ऐकायची असतात.

त्यानंतर लॅपटॉप मी दुकानातच नेला. एसटीत मांडीवर धरून, लेकरासारखा. दुपारी कोर्टाची जेवणाची सुट्टी झाली की प्रतिज्ञापत्रवाल्यांची गर्दी ओसरते. तेवढ्या वेळात एक व्हिडिओ उघडून सहज एडिट दाबलं, आणि खाली ती पिवळी चौकट आली, कापायच्या वेळी मी ओढलेली. चौकटीच्या आत पालखी. पण चौकटीच्या बाहेर, उजवीकडे, अंधुक अंधुक, बाबा. हात जोडलेले, तोंड उघडं. मी बघतच राहिले. कापलेलं कापलं गेलंच नव्हतं. सॉफ्टवेअरने नुसतं झाकून ठेवलं होतं. मग एक्स्पोर्टच्या यादीत पुन्हा बघितलं तर पहिल्या एक्स्पोर्टच्या खालीच दुसरं होतं, मूळ व्हिडिओ जसाच्या तसा बाहेर काढायचं. आधीच नजरेला पडायला काय धाड भरली होती त्याला!

सगळ्यात जुना शिमगा आधी काढला. मी माहेरी आले त्या वर्षीचा. कानात इअरफोन घातला. झटक्यानंतर बाबांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, खराखुरा, शब्द असलेला. समोर काउंटरवर एक म्हातारा झेरॉक्ससाठी सातबारा घेऊन उभा, त्याला मी हातानेच थांब म्हणाले. देवांची नावं झाली. मी मनात म्हटलं, सुटले. शिवेवरचे राखणदार झाले. मग काळज्या आल्या. पावसाचं, गुरांचं, भावाच्या नोकरीचं. आणि मग बाबा म्हणाले,

"माझी लेक घर सोडून आलीय महाराजा. तिचं चित्त फिरव. तिची वाट तिला दाव नि तिच्या घरी नांदायला लाव."

आणि सगळी वाडी म्हणाली, होय महाराजा.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी आत चुलीपुढे घाम गाळत ह्यांच्यासाठी पोळ्या लाटत होते आणि हे बाहेर उभे राहून मला परत धाडायचं मागत होते. तोंडाने मला कधी एक शब्द बोलले नाहीत. राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मला वाटायचं, बाप अबोल आहे, पण समजून आहे. पुढच्या वर्षीचा काढला. तेच. त्याच्या पुढचा. तेच, अक्षर न बदलता. घरातली माणसं ओटीत घालताना 'मी, माझी कारभारीण, माझा मुलगा', एवढीच. मी कुठे होते? शेवटी, 'लेकीबाळी जिथं नांदतात तिथं सुखी ठेव' यात. मी लॅपटॉप बंद केला. त्या म्हाताऱ्याची झेरॉक्स दोनदा उलटी काढली.

घरी गेले ते बाबांकडे न बघता. बाकी ते आपले जेवायचे, पण आमटीभात रोज मीच भरवायचे, कारण डाव्या हाताने आमटी सांडायची. त्या दिवशी आईला म्हटलं, तू भरव. आईला विचारलं, तुला माहीत होतं? आई भात कालवत होती, तशीच थांबली आणि म्हणाली, बापाला दुसरं काय सुचणार गो. बास, एवढंच. बाबा आमच्या दोघींकडे बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं, निदान मला तेव्हा तसं वाटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, नाय. मी उठून बाहेर गेले.

भाऊ रोज फोन करायला लागला. सापडलं का, सापडलं का. शिमगा तोंडावर आला होता. सापडलंय हे मी त्याला सांगितलंच नाही. दिलं असतं तर तो तेच पाठ करणार, तेच अंगणात म्हणणार, आणि माझ्या भावाच्या तोंडून सगळ्या वाडीपुढे मला पुन्हा घालवून द्यायची विनंती होणार. आणि नाही दिलं तर मान जाणार, बाबांच्या डोळ्यांदेखत पालखी अंगणावरून पुढे जाणार. त्यांच्याकडे दुसरं उरलं होतं काय? मला वाटलं, तेवढं वाक्य काढून देऊ. पण त्या सॉफ्टवेअरमध्ये मधलं काढता येत नाही. पुढून कापता येतं, मागून कापता येतं, मधलं तसंच राहतं. दोन दिवस मी त्यावर धुमसत होते.

मग एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा गेल्या शिमग्याचा, बाबांचा शेवटचा, काढला. म्हटलं, जे काय असेल ते पूर्ण ऐकू, म्हणजे एकदाचं मन मोकळं. देव झाले, शीव झाली. काळज्या सुरू झाल्या. पावसाचं, दरडीचं, गुरांचं, आईच्या गुडघ्यांचं. काळज्या संपल्या. माझं नाव नाही, लेक नाही, काहीच नाही. याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतकी वर्षं निदान काळजी तरी होते, आता तीही नाही, म्हाताऱ्याने माझा विषयच सोडून दिला.

मग माणसं आली. बाबा एकेकाला ओटीत घालत होते.

"मी, माझी कारभारीण, माझी थोरली लेक, माझा मुलगा, सून, नातू. ही घरातली माणसं महाराजा. ह्यांना राखून घे."

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. थोरली लेक, मुलाच्या आधी. आमच्याकडे दिलेली मुलगी घरातल्या माणसांत धरत नाहीत. ती लेकीबाळींत जाते, शेवटी, घाऊक. वाडीतल्या माणसांनी त्या वाक्यालाही होय महाराजा म्हटलं होतं, जरासं उशिरा, पण म्हटलं होतं. आणि मी आत पोळ्या लाटत होते. मी दुकानातच रडले, मोठ्याने. शेजारच्या स्टॅम्पवाल्या बाई धावत आल्या, घरी कोणाचं काही झालं का विचारायला लागल्या.

तो एकच मूळ व्हिडिओ मी भावाला दिला, जसाच्या तसा. बाकीचे लायब्ररीत झाकलेलेच ठेवले. तो रोज फोनवर मला देवांची नावं म्हणून दाखवायचा आणि मी चुका काढायचे, भैरीच्या आधी काळकाय, किती वेळा सांगू. राखणदारांपर्यंत चोख झालं तसा म्हणाला की पुढचं सोपं हाय, पुढचं तर आपल्याच घरचं.

पालखीच्या दिवशी पुरण आईवर टाकून मी ओटीवर आले, बाबांच्या खुर्चीला धरून उभी राहिले. कवा आलीस विचारणाऱ्या बायका समोरच होत्या. बघत्यात तर बघू देत. पालखी नाचली, टेकली, ढोल थांबले. चुलतकाका अगदी पुढे, भाऊ कुठे अडतो ते बघायला. भाऊ अडला नाही. एक नाव इकडचं तिकडे झालं नाही, काकासुद्धा होय महाराजा म्हणायला लागले. शीव झाली, काळज्या झाल्या. मग माणसं आली.

"माझे बाबा, माझी आई, मी, माझी बायको, माझा पोरगा. ही घरातली माणसं महाराजा..."

बाबा म्हणाले, नाय.

कोणीतरी खाली मान घालून हसलं. काका भावाला म्हणाले, म्हाताऱ्याचं तेवढंच हाय, तू चल पुढं. भाऊ पुढे गेला. लेकीबाळी जिथं नांदतात तिथं, असं त्याने सुरू केलं आणि बाबांनी डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर आपटला. पुन्हा आपटला. नाय. नाय. खुर्ची हलली म्हणून मी त्यांना धरायला वाकले तर त्यांनी माझंच मनगट पकडलं, आणि ते घट्ट वर धरून ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. होय महाराजा कोणी म्हणेना. भाऊ माझ्याकडे बघत होता. तो विसरला होता, की बायकोशी बोलून गाळलं होतं, की भावाने बहिणीला घरात धरायची रीत नाही म्हणून त्याने आपल्या मनानेच बदललं होतं, मला ठाऊक नाही. मी आजवर विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

त्याने माणसं पुन्हा पहिल्यापासून घेतली.

"माझे बाबा, माझी आई, माझी थोरली बहीण, मी, माझी बायको, माझा पोरगा. ही घरातली माणसं महाराजा. ह्यांना राखून घे."

मग आधी काका आणि मागोमाग सगळे म्हणाले, होय महाराजा.

बाबा या वेळी नाय म्हणाले नाहीत. माझं मनगट मात्र त्यांनी पालखी उठेपर्यंत सोडलं नाही.